रोटरी टेबल हललं की नफा हलला : छोटं टेबल मिलिंगवर पक्कं कसं बसवायचं?



रोटरी टेबलचा व्हिडिओ बघताना सगळं सोपं वाटतं. हँडल फिरवलं, टेबल फिरलं, गोलात सहा भोकं पडली, काम संपलं. पण पैसा कमावला जातो किंवा घालवला जातो तो त्याच्या आधीच्या अर्ध्या-एक तासात, म्हणजे टेबल मशीनच्या बेडवर बसवताना. व्हिडिओत तो भाग दोन मिनिटांत संपतो. म्हणून इथे तो सविस्तर लिहितोय.

मी शिकलो बीबीए. मशीन शिकलो गाळ्यात उभं राहून. त्यामुळे मला प्रत्येक सेटिंगमागे दोन प्रश्न पडतात. हे पक्कं आहे का, आणि याला किती वेळ लागला? आजच्या लेखाचं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर : रोटरी टेबल बाजारात तयार मिळतं, पण त्याची बैठक आपल्यालाच बनवावी लागते. ज्याने ती एकदा नीट बनवली, त्याचं टेबल कमाई करतं. बाकीच्यांचं टेबल बाकाखाली धूळ खात पडतं.

हा विषय धंद्याचा कसा?

अंधेरीची एमआयडीसी, मरोळ, साकीनाका, घाटकोपरचं असल्फा, कांजूर-भांडुप, मुलुंडचा एलबीएस मार्ग. या पट्ट्यात फिरलात तर इंडस्ट्रियल इस्टेटमधले छोटे गाळे दिसतील. कुठे दोनशे स्क्वेअर फूट, कुठे तीनशे. एक लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, कोपऱ्यात ग्राइंडर. पवई, विक्रोळी, कांदिवली इथे मोठे कारखाने उभे राहिले तसं त्यांच्या आजूबाजूला जॉबवर्कचं हे जग वाढलं. आता बरेच मोठे कारखाने गेले, तिथे टॉवर आले. तरी पॅकेजिंग मशीनवाले, फार्मा मशिनरीवाले, पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्तीवाले, ज्वेलरीची डाय बनवणारे यांना छोटे पार्ट लागतातच. दहा नग, वीस नग, आणि "उद्या संध्याकाळपर्यंत द्या".

अशा कामासाठी चार अक्षांचं सीएनसी मशीन घ्यायला ना जागा असते, ना भांडवल. तिथे जुनं एम-वन-टीआर किंवा तसंच छोटं मिलिंग मशीन आणि वर चार किंवा सहा इंची रोटरी टेबल, एवढ्यावर काम भागतं. एम-वन-टीआर म्हणजे अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावात १९३८ साली सुरू झालेल्या टरेट मिलिंगच्या ढंगाचं आपल्याकडचं मशीन. डोकं वळतं, रॅम पुढे-मागे होतो, आणि छोट्या गाळ्यात मावतं.

यावर कोणती कामं निघतात? फ्लँजची भोकं, गोल खाचा, षटकोनी डोकी, कॅम, छोटे स्प्रॉकेट, डायलवरच्या रेघा. लेथ सगळ्यांकडे असतो. म्हणून नुसत्या टर्निंगला रेट मिळत नाही. "टर्निंग आणि पीसीडी दोन्ही करून देतो" म्हणणाऱ्याला मिळतो.

आता धोका बघा. जॉबवर्कमध्ये बऱ्याचदा माल गिऱ्हाइकाचा असतो. समजा, एका फ्लँजचा तयार टर्न केलेला पीस गिऱ्हाइकाला ४५० रुपयांना पडलाय आणि तुम्हाला भोकं पाडायचे ३५ रुपये मिळणार आहेत. एक पीस बिघडला आणि त्याची डेबिट नोट आली, की तुमच्या १३ पीसची मजुरी गेली. चाळीस नगांच्या लॉटमध्ये तीन पीस गेले तर जवळजवळ फुकट काम केलं म्हणा. आणि छोट्या टेबलवर पीस बिघडण्याची सगळ्यात साधी वाट म्हणजे काम चालू असताना टेबल केसभर सरकणं.

टेबल सरकतं का?

आधी थोडा हिशेब करू, कारण इथे बरेच जण चुकीच्या जागी बोट दाखवतात.

एम-१२ चा स्टड घ्या. आठ इंची, म्हणजे २०० मिमी लांब पान्यावर साधारण २० किलो जोर दिला, की ४० न्यूटन-मीटर पीळ बसतो. तेवढ्यात तो स्टड जवळजवळ १,७०० किलोने खाली ओढतो. असे दोन स्टड. दहा मिमीच्या एंड मिलने बेताचा कट घेतला तर टेबल त्या जोराने सरकायला नकोच.

तरीही सरकतं. कारण तो जोर टेबलपर्यंत पोचतच नाही. मधल्या वाटेवर तो चार ठिकाणी गळतो :

१. टेबलचे कान बेडच्या खाचांशी जुळत नाहीत. छोट्या टेबलला बऱ्याचदा दोनच कान किंवा दोनच खाचा असतात. तुमच्या बेडच्या टी-स्लॉटमधलं अंतर वेगळं. मग माणूस क्लॅम्प तिरका लावतो.

२. क्लॅम्पमागचं पॅकिंग चुकीचं. मागची ठोकळी खाली राहिली की क्लॅम्प कानाच्या फक्त कडेवर टेकतो, नट तिरका बसतो आणि घट्ट करतानाच टेबल ढकललं जातं.

३. खाली घाण. एक बारीक चिप किंवा बेडवरचा पोचा. टेबल तीन टोकांवर डुगडुगतं आणि क्लॅम्प त्याला वाकवून गप्प बसवतो. कटरचा हादरा लागला की ते परत मोकळं होतं.

४. अडवणारं काहीच नाही. सगळा भार घर्षणावर. तेलकट बेडवर घर्षण आधीच कमी. टेबलला जागेवर फिरण्यापासून रोखणारी चावी खाली नसेल, तर एक जोराचा झटका पुरतो.

या चारांतलं एकही कारण "टेबल हलक्या कंपनीचं आहे" हे नाही. म्हणून महागडं टेबल घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

टेबल विकत घ्यायच्या आधी काय मोजायचं?

मस्जिद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटला गेलात तर टूल्सच्या दुकानांत हर प्रकारचं टेबल दिसेल. जाताना खिशात कागद असू द्या. त्यावर ही मापं लिहा :

- बेडच्या टी-स्लॉटची रुंदी. १२, १४, १६ की १८ मिमी? एका टोकाला, मध्ये आणि दुसऱ्या टोकाला मोजा. जुन्या मशीनचा स्लॉट मध्ये घासलेला असतो.
- दोन स्लॉटमधलं अंतर, सेंटर ते सेंटर.
- बेड पूर्ण खाली घेतल्यावर स्पिंडलच्या तोंडापासून बेडपर्यंत उरणारी उंची.

तिसरं माप लोक विसरतात. त्या उंचीतून रोटरी टेबलची उंची वजा करा, खालची प्लेट वजा करा, वरचा चक वजा करा, जॉब वजा करा, कोलेट आणि कटरची लांबी वजा करा. शेवटी काय उरतं ते बघा. छोट्या मशीनवर आठ इंची टेबल आणि त्यावर चक म्हणजे ड्रिल घालायलाही जागा उरत नाही. चार इंची टेबल छोटं दिसतं, पण छोट्या मशीनवर तेच चालतं.

दुकानात टेबल हातात घेतल्यावर तीन गोष्टी बघा. हँडल थोडं पुढे-मागे हलवून टेबल न फिरता हँडल किती फिरतं ते. लॉक आवळल्यावर टेबल खरंच जाम होतं का ते. आणि हँडलच्या एका फेऱ्यात टेबल किती अंश फिरतं ते. ९०:१ असेल तर ४ अंश, ७२:१ असेल तर ५ अंश, ४०:१ असेल तर ९ अंश. आयटीआयमध्ये डिव्हायडिंग हेड शिकलेल्यांना ४०:१ पाठ असतं. रोटरी टेबलवर तोच आकडा धरून फेरे मोजले तर सगळी भोकं भलतीकडे जातील.

बैठक : एक प्लेट, दोन चाव्या

आता मुख्य काम. टेबल थेट बेडवर न बसवता मध्ये एक प्लेट घ्या. तिला बेस प्लेट म्हणा, सब-प्लेट म्हणा. टेबल कायम तिच्यावर बसलेलं राहील आणि बेडवर चढेल-उतरेल ती प्लेट. टेबलचे कान आणि बेडचे स्लॉट यांचं भांडण इथेच मिटतं.

माल : एमएसची २५ मिमी जाडीची प्लेट. चार इंची टेबलला साधारण २५० बाय २०० पुरते. वजन दहा किलोच्या आसपास भरतं. जाडी २५ का? एम-१२ अॅलन बोल्टचं डोकं १२ मिमी उंच असतं. ते प्लेटमध्ये बुडवायला १३ मिमी खोल काउंटरबोर लागतो. खाली १२ मिमी माल उरतो, तो पुरतो. २० ची प्लेट घेतली तर खाली ७ उरेल आणि आवळल्यावर ती वाकायला लागेल. चकचकीत ब्राइट पट्टी घेऊ नका. तिची एक बाजू सोलली की आतला ताण सुटतो आणि ती केळ्यासारखी वाकते. काळी, हॉट रोल्ड प्लेट बरी.

फेसिंग : एक बाजू थोडी, मग उलटी करून दुसरी थोडी, मग परत पहिली. एकाच बाजूने सगळा माल काढू नका. जमलं तर शेवटी सरफेस ग्राइंडिंग बाहेरून करून घ्या. आपल्या पट्ट्यात ग्राइंडिंगचे गाळे शोधायला लांब जावं लागत नाही. दोन्ही बाजू एकमेकींना ०.०२ मिमीच्या आत समांतर असाव्यात.

चाव्या : प्लेटच्या खालच्या बाजूला, एकाच रेषेत, दोन टोकांना दोन चाव्या बसवा. त्या बेडच्या टी-स्लॉटमध्ये हाताने दाबून बसतील इतक्याच रुंद करायच्या. ठोकाव्या लागल्या तर जाड झाल्या, खडखडल्या तर बारीक. प्रत्येक चावी अॅलन बोल्टने प्लेटला धरा. दोघींत अंतर जितकं जास्त तितकं चांगलं, कारण स्लॉटमध्ये जी थोडी सूट राहते तिचा कोनात फरक तितका कमी पडतो. आणि प्रत्येक वेळी बसवताना प्लेट स्वतःकडे ओढून, चावी स्लॉटच्या एकाच भिंतीला टेकवून मग आवळा. मग सूट असली तरी ती नेहमी एकाच बाजूला राहते.

बेडला धरणारे बोल्ट : प्लेटमध्ये स्लॉटच्या रेषांवर चार काउंटरबोर भोकं. दोन एका स्लॉटवर, दोन दुसऱ्यावर. १४ च्या स्लॉटला एम-१२ चा टी-नट बसतो. दोनऐवजी चार बोल्ट, तेही सरळ खाली ओढणारे. क्लॅम्प नाही, पॅकिंग नाही, तिरकं काही नाही.

टेबलला धरणारे बोल्ट : टेबलच्या कानांची जागा प्लेटवर मारून तिथे आटे पाडा. कानाखाली प्लेट असेल, वर जाड वॉशर असेल. बोल्टची लांबी मोजून घ्या. प्लेटच्या खालून एक मिमी जरी बाहेर आला तरी तो बेडवर टेकेल आणि सगळी प्लेट उचलून धरेल.

टेबलची जागा : टेबल काढलं तरी परत तिथेच बसावं म्हणून प्लेटवर दोन डॉवेल पिन ठोका आणि टेबलच्या बुडाची बाजू त्यांना टेकवून आवळा. पिनसाठी टेबललाच भोक पाडायचा मोह होतो. तो टाळा, विकायची वेळ आली तर किंमत जाते.

हे सगळं तुमच्याच मशीनवर होतं. नवीन माणसासाठी तर हा उत्तम सराव आहे. फेसिंग, स्लॉटिंग, काउंटरबोर, टॅपिंग आणि मोजमाप, सगळं एका कामात शिकून होतं आणि माल गिऱ्हाइकाचा नसतो.

प्लेट नाही आणि काम आजच द्यायचंय, तर?

तेव्हा क्लॅम्पच वापरावे लागतील. त्याचे नियम पक्के आहेत.

स्टड कानाजवळ, ठोकळीपासून लांब. समजा स्टडपासून टेबलचा कान ३० मिमी आणि मागची ठोकळी ६० मिमी. स्टडच्या १,७०० किलोपैकी दोन तृतीयांश, म्हणजे १,१०० किलोच्या वर जोर कानावर पडतो. हेच उलटं लावलं, कान ६० वर आणि ठोकळी ३० वर, तर कानाला साडेपाचशेच्या आसपास मिळतात आणि बाकीचा जोर ठोकळी दाबण्यात जातो. पाना तोच, घाम तोच, पकड निम्मी.

ठोकळी कानाच्या बरोबरीने किंवा किंचित उंच. खाली कधीच नाही. लाकडाचे तुकडे, वॉशरची चळत, जुने बेअरिंग असलं पॅकिंग वापरू नका. पायऱ्यांच्या ठोकळ्यांचा सेट एकदा घेतला की वर्षानुवर्षं टिकतो.

टी-नट बघून वापरा. चांगल्या टी-नटचा खालचा आटा मुद्दाम बंद केलेला असतो, म्हणजे स्टड आरपार जात नाही. आरपार गेला तर स्टड स्लॉटच्या तळाला ढकलतो आणि टी-नट वर ओढतो. बेड बीडाचा असतो. स्लॉटचा ओठ तुटला तर मशीनचा भाव तिथेच पडला. आटा मोकळा असेल तर शेवटच्या आट्यावर पंच मारून तो बंद करा. पान्याला पाइप लावून आवळणं याच कारणासाठी बंद.

आणि एक. क्लॅम्प असो की प्लेट, आधी बेड पुसा, मग ऑइल स्टोन हलका फिरवा, मग परत पुसा. नट थोडे-थोडे, आलटूनपालटून आवळा. एकच नट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर टेबल वळतं.

उभं बसवताना

छोटी टेबलं बहुतेक आडवी आणि उभी दोन्ही बसतात. शाफ्टवर षटकोन काढायचा, गोल बारवर रेघा मारायच्या, तर उभं लागतं. पण उभ्या टेबलचं बूड अरुंद आणि काम उंचावर. कटरच्या धक्क्याला तरफ मिळते. म्हणून तीन काळज्या घ्या.

पाठीमागे अँगल प्लेट लावून टेबलला टेका द्या. जॉब टेबलच्या तोंडापासून फार बाहेर येत असेल तर समोरून टेलस्टॉकचा सेंटर द्या. आणि काम सुरू करण्याआधी डायल लावून टेबलचं तोंड दोन दिशांना तपासा. आडवं फिरवून एकदा, बेड वर-खाली करून एकदा. खालच्या चाव्या बरोबर असतील तर आडवी दिशा आपोआप येते. चाव्यांचा हा दुसरा फायदा.

सेंटर : दोन कामं, दोन चुका

टेबल पक्कं बसलं. आता स्पिंडलचा सेंटर आणि टेबलचा सेंटर एक करायचा. मशीन बंद, स्पिंडल न्यूट्रलमध्ये. कोलेटमध्ये लीव्हर डायल धरा, गाळ्यांत ज्याला पपी डायल म्हणतात ते. त्याचं टोक टेबलच्या मधल्या बोअरला लावा आणि स्पिंडल हाताने फिरवा. डावीकडे आणि उजवीकडे मिळून ०.१० चा फरक दिसला तर बेड त्याच्या निम्मं, म्हणजे ०.०५ सरकवायचं. मग पुढे-मागे तेच. दोन्ही दिशा जुळल्या की दोन्ही स्लाइड लॉक करा आणि कॉलर किंवा डिजिटल रीडआउट शून्यावर घ्या. एम-वन-टीआरचं डोकं वळतं, त्यामुळे ते सरळ उभं आहे का हे आधी तपासून ठेवा.

नंतर जॉब बसवा. आता डायल स्थिर ठेवायचं आणि टेबल फिरवायचं. जॉब तांब्याच्या हातोडीने हलका ठोकत टेबलच्या सेंटरवर आणायचा.

ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांच्या चुकाही वेगळ्या दिसतात. हे समजलं की पीस बघून रोग ओळखता येतो :

- भोकं एकमेकांत समान अंतरावर आहेत, बोअरशीही गोल आहेत, पण पीसीडी मोठा किंवा छोटा आलाय : स्पिंडल आणि टेबलचा सेंटर जुळला नव्हता.
- पीसीडी बरोबर आहे, पण सगळा गोल बोअरपासून एका बाजूला गेलाय : जॉब टेबलच्या सेंटरवर नव्हता.
- पाच अंतरं बरोबर आणि शेवटचं चुकलंय, किंवा मधूनच एक अंतर बिघडलंय : फेरे मोजण्यात चूक, नाहीतर काम चालू असताना टेबल किंवा जॉब सरकला.

तपासायला सोपा हिशेब आहे. सहा भोकांच्या गोलात शेजारच्या दोन भोकांचं सरळ अंतर पीसीडीच्या बरोबर निम्मं असतं. ८० च्या पीसीडीला ४० मिमी. पहिल्या पीसवर आधी सेंटर ड्रिलने सहाही ठिकाणी फक्त टिपके घ्या. सहावा ते पहिला हे अंतर मोजा. ते ४० आलं तरच पूर्ण ड्रिल घाला. टिपका चुकला तर पीस बहुतेक वेळा वाचतो, भोक चुकलं तर नाही.

काम चालू असताना

९०:१ च्या टेबलवर सहा भोकांना प्रत्येकी १५ फेरे, पाच भोकांना १८ फेरे. फेरे नेहमी एकाच दिशेने. एखादा फेरा पुढे गेला तर नुसतं मागे येऊन थांबू नका. अर्धा फेरा जास्त मागे जा आणि परत पुढे येऊन निशाणावर थांबा. वर्ममधली मोकळीक अशीच खाल्ली जाते.

भोक पाडताना टेबल लॉक. प्रत्येक वेळी. "पटकन एकच तर आहे" म्हणून लॉक न केलेलं भोकच बाहेर जातं.

गोल खाच काढताना टेबल फिरवत कट घ्यायचा असतो, तेव्हा पूर्ण लॉक करता येत नाही. लॉक हलकं ओढून ठेवा, म्हणजे टेबल थोडं जड फिरेल. फिरवण्याची दिशा कटरच्या विरुद्ध असू द्या. कटरच्या दिशेने फिरवलं तर कटर जॉबला ओढतो, वर्मच्या मोकळिकीएवढी झेप घेतो आणि दात तुटतो. एकदम खोल कट नको. थोडा-थोडा करत उतरा.

जॉब टेबलवर घट्ट नसेल तर खालची सगळी मेहनत वाया. टेबलवर १० मिमीची अॅल्युमिनियमची प्लेट कायम लावून ठेवा आणि जॉब तिच्यावर धरा. ड्रिल आरपार गेलं तर ते अॅल्युमिनियममध्ये जातं, टेबलच्या तोंडावर खड्डा पडत नाही.

सुरक्षेचं थोडक्यात. फिरत्या कटरजवळ हातमोजे घालायचे नाहीत. नट आवळताना स्पिंडल बंद. पाना कामापुरता हातात, मग बाकावर. चिप्स ब्रशने काढायच्या, बोटाने नाही.

वेळेचा हिशेब

आता बीबीएवाला बोलतो. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे आकडे घालून बघा.

समजा क्लॅम्प, पॅकिंग शोधणं, टेबल सरळ करणं आणि सेंटर काढणं याला दर वेळी ९० मिनिटं लागतात. चाव्यांच्या प्लेटवर तेच २५ मिनिटांत होतं. वाचले ६५ मिनिटं. महिन्यात आठ वेळा टेबल चढवलं तर साडेआठ तासांहून जास्त. तुमचा मशीनचा रेट तासाला ३०० रुपये धरला तर महिन्याला अंदाजे २,६०० रुपयांचा वेळ. प्लेटचा माल, बोल्ट, ग्राइंडिंग आणि तुमचे दोन दिवस त्यासमोर मांडा. किती महिन्यांत वसूल होतं ते दिसेल.

पण खरा फरक वेगळाच पडतो. सेटिंगला दीड तास लागत असेल तर तुम्ही पाच नगांचं काम घेतच नाही, किंवा असा रेट सांगता की गिऱ्हाईक परत येत नाही. २५ मिनिटं लागत असतील तर पाच नगसुद्धा परवडतात. आणि आपल्या भागातली बरीच कामं पाच-दहा नगांचीच आहेत. सेटिंगचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे दाखवा. पीसच्या रेटमध्ये लपवले तर गिऱ्हाईक नग कमी करतं आणि तुमचं सेटिंग फुकटात जातं.

पावसाळ्याचं एक सांगतो. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत प्लेट आठवडाभर बेडवर तशीच राहिली तर खाली कूलंट आणि ओल अडकते आणि बेडवर गंजाचे डाग पडतात. काम संपलं की प्लेट उतरवा, दोन्हींना तेलाचा हात द्या, टेबलसकट प्लेट रॅकवर ठेवा. चाव्या आहेत, परत बसवायला वेळ लागत नाही.

मशीनशेजारी चिकटवायची यादी

१. बेड आणि प्लेट पुसली, ऑइल स्टोन फिरवला.
२. चाव्या स्लॉटमध्ये, प्लेट स्वतःकडे ओढली.
३. चारही बोल्ट आलटूनपालटून आवळले.
४. टेबलचे बोल्ट तपासले.
५. टेबलचा सेंटर घेतला, स्लाइड लॉक, शून्य घेतलं.
६. जॉबचा सेंटर घेतला.
७. फेऱ्यांचा आकडा कागदावर लिहिला.
८. पहिल्या पीसवर फक्त टिपके, शेवटचं अंतर मोजलं.
९. लॉक केल्याशिवाय ड्रिल नाही.

या नऊ ओळी मोठ्या अक्षरात लिहून लावा. हेल्पर नवीन असेल तर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. पहिले काही दिवस तो हसेल, मग सवय होईल.

या आठवड्यात एवढंच करा : आपल्या बेडचे स्लॉट मोजा, टेबलचे कान मोजा आणि प्लेटचं चित्र कागदावर काढा. पुढच्या व्हिडिओत अशीच प्लेट फेसिंगपासून चाव्यांपर्यंत सलग बनवून दाखवतो. तोपर्यंत तुमचं चित्र तयार असेल तर बघताना हातातल्या मापांशी ताडून घेता येईल.

भेटूया!